गुणाची लेकरं

खैरवाडीच्या माळावर पाझर तलावाचं काम निघालं, तेव्हा सरजाबाईला कामावर घ्यायला कुणी तयार नव्हतं. साठी उलटून गेलेली, उजव्या हाताची दोन बोटं मागल्या साली खडी फोडताना ठेचलेली आणि एका डोळ्यात सारा उतरून दिसणं अंधुक झालेलं. मुकादम बसवंत हजेरीचं मस्टर मांडीवर घेऊन लिंबाखाली बसला होता. त्यानं मान वर न करताच विचारलं,

"म्हातारे, तू टिकाव उचलनार का टिकाव तुला उचलनार?"

रांगेतल्या बाया हसल्या. सरजाबाईही हसली. हसण्यावारी नेलं की माणूस तीच गोष्ट दुसऱ्यांदा बोलत नाही, एवढं ती आयुष्यात शिकली होती. पण रांगेतून ती हलली नाही. मुलगा ज्ञानोबा आणि सून चांगुणा या दोघांची नावं मस्टरवर चढली होती. तिचं चढलं नसतं तर दिवसभर घरात बसून सुनेच्या हातची भाकरी मोडायची, आणि ती भाकरी दुष्काळात गिळवत नाही.

लातूर जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं झाली होती. जिल्हा नवा, कचेरी नवी, जीपगाड्या नव्या. पाऊस तेवढा पहिल्यासारखाच रुसलेला. जळकोटच्या बाजारात कडबा सोन्यासारखा जपून विकत होते. ज्यांनी जन्मात दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला नव्हता तेही डोक्याला टापरं बांधून माळावर आले होते. बायांबरोबर अंगावर पिणारी सात लेकरं आली. पहिल्याच दिवशी एक लेकरू उन्हात मातीच्या ढिगाऱ्यावरून घरंगळलं, तेव्हा कारकुनाला आठवलं की एवढी लेकरं असली तर सांभाळायला एक बाई नेमायचा नियम आहे.

"मग ही म्हातारी हायच की," बसवंत म्हणाला. असं सरजाबाईचं नाव मस्टरवर चढलं.

तिनं लिंबाला झोळ्या बांधल्या. तीन लेकरं त्यांच्याच बौद्ध वस्तीतली, चार गावातली. तिची नात सुजाता सात महिन्यांची होती. गावातल्या बाया पहिल्या दिवशी झोळ्यांपाशी घुटमळल्या. धोंडप्पाची बायको शांतम्मा तर आपली झोळी घरून घेऊन आली आणि तिनं ती पलीकडच्या फांदीला, जरा लांब बांधली. पाच महिन्यांचा गुंडू तिच्या कडेवर होता. तो देताना ती खालच्या आवाजात म्हणाली,

"सरजाबाई, पानी तेवढं पाजू नगस. म्या यीन मंदी मंदी."

तिच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता. उलट तिलाच अवघड झालं होतं. सरजाबाईनं मान हलवली. धम्म घेऊन तीस वर्षं झाली होती. पाटलाच्या दारात वाकणं केव्हाच सुटलं होतं, पण ही मान हलवायची सवय काही सुटली नव्हती.

पहिले तीन दिवस नुसता गोंधळ. एक रडलं की दुसरं रडायचं. सातही एकदम सुरू झाली की भरावावरच्या बाया पाट्या टाकून पळत यायच्या. पदर सारून पाजायच्या, परत जायच्या, तोवर दुसरीचं उठायचं. संध्याकाळी खोदलेल्या खड्ड्याचं माप घेतलं की ते कमी भरायचं. कमी भरलं की सगळ्या टोळीचं कमी भरायचं. गडी माणसं बायांवर गुरगुरायची आणि बाया सरजाबाईवर.

त्यात तिसऱ्या दिवशी गावातली रत्नम्मा बोलली. सरजाबाईनं रडणारी सुजाता मांडीवर घेतली होती, आणि दोन लेकरं झोळीत हातपाय झाडत होती.

"बगा की," रत्नम्मा पाटी टेकवत म्हणाली, "आपली नात मांडीवर आन् लोकायची झोळीत. सरकार हिला नात सांभाळायचीच हजेरी देऊ लालंय."

सरजाबाईनं सुजाताला झटकन खाली ठेवलं. खरं तर गावातल्या लेकरांना ती भीतभीतच घेत होती. घेतलं तर काय म्हणतील, न घेतलं तर काय म्हणतील, अशी दोन्हीकडून कोंडी. पण हे कुणाला सांगायचं?

जाता जाता बसवंतनं बजावलं, "म्हातारे, आता पुन्हा लेकरं रडली तर बाई बदलीन मी."

दुसऱ्या दिवशी जळकोटचा बाजार, म्हणून कामाला सुट्टी होती. सरजाबाई तीन कोस चालत गेली आणि जुन्या ओळखीच्या एका म्हाताऱ्याकडून चिंधीत बांधलेली काळी गोळी घेऊन आली. अफू म्हणायला तोंड जड होतं, म्हणून बाया तिला बाळगोळी म्हणायच्या. सरजाबाईच्या सासूनं दिली होती, सासूच्या सासूनं दिली होती. दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायचा तर लेकरू झोपलेलंच बरं. ज्ञानोबाही याच गोळीवर वाढला होता. कुठं काय बिघडलं त्याचं? चांगला कमावता गडी होता. कुणाच्या अध्यात न मध्यात, विचारलं तर बोलायचा, नाहीतर नाही.

सकाळी बाया भरावाकडं गेल्या की सरजाबाई आपलं बोट ओलं करून गोळीवर फिरवायची आणि झोळी हलवता हलवता एकेका लेकराला चाटवायची. शांतम्माच्या गुंडूलाही. तिच्या हातचं पाणी त्याला चालत नव्हतं, पण बोट चाटवताना कुणी बघितलं नाही.

लिंबाखाली सामसूम झाली. बाया दुपारी जेवायला यायच्या, लेकरांना उठवून पाजायच्या, आणि लेकरं पिता पिता परत डोळे मिटायची. संध्याकाळी माप पुरं भरायला लागलं. बसवंतनं आठ दिवसांनी चार माणसांत सांगितलं, "म्हातारीच्या हाताला गुन हाय बरं का." रत्नम्माचंही तोंड बंद झालं. एके दिवशी शांतम्मानं भाकरीवर लाल चटणीचा गोळा ठेवून आणला, जरा वरूनच पण तिच्या हातात दिला, आणि म्हणाली,

"घे सरजामाय. तुज्यापाशी असलं की घोर न्हाई बग मला."

सरजाबाईला त्या दिवशी भाकरी फार गोड लागली. उभ्या जन्मात गावातली बाई तिला माय म्हणाली नव्हती. घरी येऊन तिनं ते चांगुणाला दोनदा सांगितलं.

सुजाताचं मात्र अवघड होतं. ती आजीला ओळखायची. आजी दिसली की हात वर करायची, घे म्हणून कुरकुरायची. सरजाबाईच्या डोक्यात रत्नम्माचे बोल घर करून बसले होते. आपली नात कडेवर दिसली की पुन्हा कुणीतरी बोलणार, आणि कमावलेलं नाव जाणार. म्हणून तिनं सुजाताची झोळी सगळ्यांत मागं, बुंध्याच्या आड बांधली. बाकीच्यांना एकदा बोट, तर हिला दोनदा. आणि दुपारी जाग आलीच तर आणखी एकदा.

पौष लागला तेव्हा वस्तीतल्या साहेबरावाची लेक पंचशीला माळावर यायला लागली. नववी शिकलेली, उदगीरला तीन महिने राहून अंगणवाडीचं शिक्षण घेऊन आलेली. खांद्याला पिशवी, पिशवीत खुळखुळा, लाल चेंडू, फुटका आरसा आणि एक वही. दुपारच्या सुट्टीत बाया भाकरी सोडायच्या तेव्हा ती मधोमध उकिडवी बसायची.

"लेकरू बोलत न्हाई मनून त्याला कळत न्हाई असं न्हाई," ती सांगायची. "जलमल्यापासून ते ऐकून राहिलंय. पैल्या दोन वर्सांत त्याचा मेंदू जेवढा वाढतो तेवढा मंग जलमभर वाढत न्हाई. त्याला दूध लागतं तसं बोलनं लागतं."

"काय बोलावं बाई त्याच्यासंगं?" रत्नम्मा म्हणाली. "त्याचा बा माज्यासंगं बोलंना झालाय चार म्हैनं, आन् म्या कुठं लेकरासंगं बोलत बसू?"

बाया खो खो हसल्या. पंचशीलाही हसली, पण तिनं सोडलं नाही.

"काईबी बोला. भाकरी थापताना मना, हे बग पीठ, हे बग पानी. त्यानं 'अं' केलं की तुमी 'अं' करा. त्याच्या डोळ्यात बगा. हसलं तर हसा. लई काम न्हाई त्येला, आन् पैसाबी पडत न्हाई."

"लोक येडं मनतील की."

"मनू द्या."

मग ती झोळ्यांपाशी आली. तिनं सुजाताला उचललं, डोळ्यांपुढं लाल चेंडू धरला आणि डावीकडून उजवीकडं नेला. सुजाताचे डोळे चेंडूवर टेकले, तिथंच राहिले, चेंडू पुढं गेला. कानाशी खुळखुळा वाजवला. मान वळली नाही.

"लई झोपेत हाय," पंचशीला म्हणाली. "मावशी, तुमची सगळीच लेकरं लई झोपतात हो."

"गुनाची हायेत," सरजाबाई म्हणाली. तिनं बोट पदराला पुसलं.

"ऊन बी लई हाय. आन् मायांच्या अंगाला दूध कुठाय." पंचशीलानं वही उघडली आणि मोठ्यानं वाचत वाचत लिहिलं, "लेकरं शांत. सांभाळ चांगला." तिला सरजाबाईचा अभिमान वाटत होता. आपल्या वस्तीतल्या म्हातारीवर सगळं गाव लेकरं टाकून बिनघोर काम करतंय, हे तिला मोठं वाटत होतं. सरजाबाईनं त्या वहीकडं बघितलं नाही.

चांगुणानं मात्र ते सगळं मनावर घेतलं. ती मुळात घुमी, सासूपुढं डोक्यावरचा पदर ढळू न देणारी. दिवसभर पाट्या वाहून मान अवघडलेली असायची, तरी संध्याकाळी चुलीपुढं बसली की सुजाताला समोर गोधडीवर निजवायची आणि बोलायला लागायची.

"हे बग सुजाता, ही काटवट. हे पीठ. आता म्या पानी घालनार. घालू का? घालू? आज की नाई, तुज्या बाचा टिकाव तुटला. मुकादम लई बोलला त्याला..."

पोरगी अर्धवट डोळे उघडून छपराकडं बघत पडायची. चांगुणा थांबायची, वाट बघायची, पुन्हा बोलायची. सरजाबाई दाराशी पाय पसरून बसलेली असायची. पहिल्या दिवशी तिला हसू आलं. चौथ्या दिवशी ती उठून बाहेर गेली.

काम निघून दोन महिने झाले. सुजाताला नववा सरला. तिच्या वयाची लेकरं बसायला लागतात, ती बसेना. एका संध्याकाळी चांगुणाचं बोलणं मधेच थांबलं. भाकरी तव्यावर करपायला लागली तरी ती उलथेना.

"आत्या," ती म्हणाली, "पंचशीलाताई मनती, मायच्या बोलन्याकडं लेकरू बगतंच. मंग माज्याकडं काहून बगंना ही? मलाच नीट बोलता येत न्हाई वाटतं. म्या शिकले न्हाई ना काई."

तिचे डोळे भरले होते. चुलीचा धूर म्हणून तिनं ते पुसून टाकले.

सरजाबाईला तिथंच सांगायचं होतं. ओठापर्यंत आलं. पण ज्ञानोबा न्हाणीपाशी पाय धूत होता, त्याच्या टिकावाचं, मुकादमाचं, उद्याच्या पिठाचं असं बरंच काही घरात त्या वेळी होतं. तिनं उठून भाकरी उलथली एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळाच्या वाटेवर तिनं कमरेची चिंधी सोडली आणि गोळी पायानं मातीत रगडून टाकली.

दुपारपर्यंत लिंबाखाली हाहाकार उडाला. लेकरं नुसती रडत नव्हती, तडफडत होती. नाकं गळत होती, अंगं थरथरत होती, पाजलेलं दूध बाहेर पडत होतं. बाया पाट्या टाकून धावल्या. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं ऊन बाधलं. बसवंत लांबूनच ओरडला, "म्हातारे, तुज्या हाताचा गुन कुठं गेला?" दुसऱ्या दिवशीही तेच. सुजाता तर रडून रडून निळी पडायची. सरजाबाई एकेकाला छातीशी धरून फेऱ्या मारत होती, आणि आता कोण काय म्हणेल याचं तिला भान नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पंचशीला आली. सरजाबाईनं तिला भरावाच्या मागं नेलं आणि सगळं सांगितलं. सगळं म्हणजे गोळीचं. सुजाताला दोनदा, तीनदा दिलं ते नाही.

पंचशीलाचा चेहरा उतरला. ती खालची माती नखानं उकरत होती.

"मावशी, म्या वहीत काय लिवलंय ठाव हाय का तुमाला?" ती शेवटी म्हणाली. "म्या आपली बोला बोला करून सांगत फिरले, आन् लेकरं ऐकायला जागीच नव्हती."

"मला कामावरून काड, पोलिसात दे. पर लेकरायचं बग काईतरी."

पंचशीला चिडली होती, तिला रडूही येत होतं. पण तिनं आधी लेकरांचं बघितलं. सातही लेकरं बैलगाडीत घालून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी आयांना जवळ बसवून सांगितलं की पोरं हळूहळू माणसात येतील, पण पुन्हा अफू नको, आणि जागी असतील तेवढा वेळ त्यांच्याशी बोला, खेळा. सुजाताला त्यांनी दोनदा तपासलं. "हिचं आत्ताच सांगता येत नाही," ते म्हणाले. "किती भरून येतं बघू."

परत येताना चांगुणा गाडीत सासूकडं पाठ करून बसली.

शांतम्माकडं सरजाबाई आपणहून गेली. शांतम्मा अंगणात तूर पाखडत होती. सरजाबाई उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "माय, मला शिव्या दे. तुज्या विश्वासाची माती केली म्या."

शांतम्माचं सूप थांबलं नाही.

"मला ठाव व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"सात लेकरं दिसभर झोपत असतेत का सरजामाय? आमच्यातबी देतेत. सासू पैल्या दिशीच दे मनली व्हती. माज्या हातानं देववंना." ती अजूनही मान खाली घालून तूर पाखडत होती. "तू देऊ लालीस हे कळलं, तवा मनलं, जाऊ दे, आपल्या हातानं तर न्हाई."

सरजाबाईला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. आपण दोघी एकाच गोष्टीच्या वाटेकरी आहोत एवढंच तिला वाटलं, आणि तिथं उभं राहवेना.

"आता पानी पाजत जा त्याला," शांतम्मा मागून म्हणाली. "जागं ऱ्हानार तर तहान लागंल."

कामावरून तिला काढायचं बसवंतच्या मनात होतं. पण मापाचे पैसे सोडून नुसत्या हजेरीवर यायला दुसरी बाई तयार होईना, आणि पंचशीलानं हमी दिली की मीही रोज तासभर येऊन बसेन. बायांना पाजायला दोन जादा सुट्ट्या मिळाल्या. माप कमी भरलं तर भरलं, असं पहिल्यांदा खुद्द रत्नम्माच म्हणाली.

सरजाबाई साठीनंतर लेकरांशी बोलायला शिकली. सुरुवातीला तिला लाज वाटायची. चार लेकरं जन्माला घालून, दोन पुरून, दोन वाढवून ती कधी लेकराशी बोलली नव्हती. बोलायला वेळ नव्हता, आणि बोलायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. ती मग जे दिसेल ते बोलायची. हा बग व्हला, कसं घुमतंय पाखरू. ही बग मुंगी. ह्या मुंगीलाबी कामावर घ्यावं मनून बसवंतला सांगू का? पंधरा दिवसांत लेकरं तिचा आवाज ओळखायला लागली. कुणी 'बू' करायचं, कुणी तिची ठेचलेली बोटं धरून ओढायचं. गुंडूला तर ती फार आवडायची. ती दिसली की तो झोळीत उसळायचा. तिच्या हातचं पाणी गटागटा प्यायचा.

सगळ्यांत जास्त ती सुजाताशीच बोलायची. सकाळपासून घसा बसेपर्यंत. आता तिला मांडीवर घ्यायला कुणाची भीती नव्हती. पण आजी दिसल्यावर हात वर करायचं सुजाता विसरून गेली होती.

कधी कधी सरजाबाईचं लक्ष भरावावरच्या ज्ञानोबाकडं जायचं. तो खाली मान घालून टिकाव घालत असायचा. सगळे हसले की जरा उशिरानं हसायचा. लोक त्याला गरीब स्वभावाचा म्हणत, तीही म्हणायची. आता तिला त्याच्याकडं फार वेळ बघवत नव्हतं.

चैत्रातली एक दुपार. पंचशीला येऊन गेली होती. सरजाबाईनं सुजाताला मांडीवर टेकवून बसवलं होतं आणि ती तिच्या तोंडापुढं टाळ्या वाजवून हाका मारत होती, "सुजाता... ए सुजाता... हिकडं बग माय..." पोरगी लिंबाच्या फांदीकडं बघत होती. आणि तेवढ्यात गुंडू खदखदून हसला. झोळीत आडवा पडून, सरजाबाईच्या टाळ्यांकडं बघून, अगदी पोटातून हसला.

चांगुणा भरावावर पाटी रिकामी करत होती. हसणं ऐकून ती गर्रकन वळली आणि उतारावरून जवळजवळ पळतच आली.

"कोन हासलं? आपली का?"

"न्हाई," सरजाबाई म्हणाली. "शांतम्माचं."

चांगुणा तिथंच उभी राहिली. तिचा ऊर धपापत होता, कपाळावर माती घामात कालवली होती. गेल्या दोन महिन्यांत ती सासूशी कामापुरतंच बोलली होती. आता तिनं सरळ तिच्याकडं बघितलं.

"आत्या, गुंडू लहान हिच्याहून. रत्नम्माची पोरगी लहान. समदी हासू लालीत, बसू लालीत. समद्यायला सारकंच दिलं व्हतं ना तुमी? मंग आपलीच काहून मागं?"

हो म्हणता आलं असतं. डॉक्टरनंही काही खात्रीचं सांगितलं नव्हतं. पण चांगुणा पुन्हा चुलीपुढं बसून स्वतःलाच दोष देणार, मला बोलता येत नाही म्हणणार, हे सरजाबाईला दिसत होतं.

"सारकं न्हाई दिलं," ती म्हणाली. "तिला जास्ती दिलं. दोनदा. कदी तीनदा."

"तिला? आपल्या लेकराला? काहून?"

"ती माज्यासाटी रडायची." सरजाबाई म्हणाली. "मांडीवर घेतली की लोक बोलायचे, आपलीच घेती मनून. लोकायनं बोलू नये मनून दिलं, माय."

चांगुणानं वाकून सुजाताला सासूच्या मांडीवरून उचललं. पदर सोडून पोरीला पाठीशी घट्ट बांधलं, रिकामी पाटी काखेत मारली आणि ती खड्ड्याकडं निघाली. "ए, लेकरू घिऊन भरावावर चढायचं न्हाई!" बसवंत ओरडला. ती थांबली नाही. पाटी भरून घेतली, डोक्यावर चढवली आणि चढ चढायला लागली. चढता चढता ती मान किंचित मागं वळवून पोरीशी काहीतरी बोलत होती. काय बोलत होती ते सरजाबाईला एवढ्या लांबून ऐकू येत नव्हतं. तिला हाक मारून थांबवावं, पोरगी दे म्हणावं असं तिला फार वाटलं, पण कोणत्या तोंडानं म्हणणार? ती रिकामी मांडी तशीच पसरून बसून राहिली, आणि झोळीतून गुंडू तिला हाका घालत राहिला.